आधार कार्डावरचा फोटो मोठा करून द्या

लालबागला आमचा छोटा स्टुडिओ आहे, म्हणजे एक गाळाच, पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे एक स्टूल आणि दोन लाईट. बाबांनी १९८८ ला सुरू केला, २०१४ पासून मी बघते. पासपोर्ट साईज, व्हिसाचे फोटो, लॅमिनेशन, फ्रेमिंग, बारशी, डोहाळजेवणं, असं सगळं करतो. आणि एक काम असं आहे की ज्याचा बोर्ड कुठल्याच स्टुडिओबाहेर नसतो पण प्रत्येक स्टुडिओ ते करतो, गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून फ्रेम करून देणं.

मुलगा येतो किंवा जावई येतो, रात्रभर झोप नसते, पाकिटातून आधार कार्ड काढतो आणि म्हणतो, ताई याच्यावरून मोठा करून द्या, परवा दहावा आहे. आधारवरचा फोटो किती असतो, अंगठ्याच्या पेराएवढा. वेबकॅमवर काढलेला, डोक्यावर ट्यूबलाईट, मागे रांग, ऑपरेटर म्हणतो इकडे बघा, झालं, पुढचे या. ८ बाय १० इंचांची साधी फ्रेम करायची म्हटली तरी ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४००, आणि स्कॅनर कितीही भारी असला तरी कार्डावर जे छापलेलंच नाही ते तो कुठून आणणार. मग म्हणतात ग्रुप फोटो आहे ना, भाचीच्या लग्नातला. तो व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आलेला असतो, दाबून दाबून लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरलेली, त्यात तीस माणसं, आणि आपल्याला हव्या त्या काकूंच्या खांद्यावर शेजारणीचा हात. हात काढायचा तर खांदा जातो, मग दुसऱ्या कुठल्यातरी फोटोतला पदर आणून जोडायचा. कोणाला साडीचा रंग बदलून हवा असतो, कोणाला बाबांना कोट घालून हवा असतो ज्यांनी आयुष्यात कधी कोट घातला नाही. मी हे सगळं वर्षानुवर्षं केलंय आणि मनापासून केलंय, कारण समोरच्या माणसाला त्या वेळी नाही म्हणता येत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात दोन भावंडं आली होती, आई गेलेली. असाच एक ग्रुप फोटो. मी तेव्हा नुकतंच एआयवालं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, चेहरा त्यात टाकला आणि एकदम स्वच्छ होऊन आला, भुवया, पापण्या, ओठांच्या कडा सगळं दिसायला लागलं, मलाच इतकं बरं वाटलं की मी लगेच ८ बाय १० काढली. मुलीने प्रिंट हातात घेतली, बराच वेळ बघत राहिली आणि भावाला हळूच म्हणाली, दादा, ही आई नाहीये रे. तो म्हणाला अगं असं काय करतेस, तिचाच तर फोटो आहे. तर ती म्हणाली, आईचा डावा डोळा बारीक होता.

मी मूळ फोटो उघडला आणि बघितलं, खरंच बारीक होता, उजव्यापेक्षा जरासा मिटलेला. सॉफ्टवेअरने दोन्ही डोळे सारखे करून टाकले होते. मी ती प्रिंट फाडली, पैसे घेतले नाहीत, आणि जुनीच धूसर क्रॉप ५ बाय ७ मध्ये करून दिली, लहान साईजमध्ये धूसरपणा तेवढा टोचत नाही.

पण त्या रात्री झोप लागली नाही. त्या बाई आमच्याच भागातल्या. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीला माझ्या दुकानावरून जायच्या, कधी हसायच्या, कधी सुट्टे मागायच्या. माझ्याकडे कॅमेरा होता, लाईट होते, प्रिंटर होता आणि त्यांचा एकही धड फोटो नव्हता. मग मी काय करत होते इतकी वर्षं?

धंद्याच्या बाजूनेही विचार करायची वेळ आलीच होती हे पण सांगते. पासपोर्टचे फोटो आता सेवा केंद्रात तिथेच काढतात, आधारचे तिथेच, बाकी सगळ्यांच्या खिशात फोन. राहिले व्हिसाचे फोटो, अमेरिकेला २ बाय २ इंच आणि युरोपच्या शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, त्याची मापं चुकली तर फॉर्म परत येतो म्हणून लोक अजून स्टुडिओत येतात. पण तेवढ्यावर गाळ्याचं भाडं निघत नाही.

मग ठरवलं की सत्तरीच्या पुढच्या माणसांचे त्यांच्या घरी जाऊन फोटो काढायचे, नीट, वेळ देऊन. हे लोकांना सांगायचं कसं हा पहिला प्रश्न. आई-बाबा आहेत तोवर फोटो काढून घ्या असं कुणाच्या तोंडावर म्हणणार? अपशकुनी वाटतं ऐकायला. त्यातून बाबांनी मार्ग काढला, म्हणाले पंच्याहत्तरीचा फोटो म्हण, सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो म्हण. बरोबर होतं, एक्क्याऐंशीच्या आसपास हजार पौर्णिमा पूर्ण होतात, घरात कार्यक्रम असतो, तुलाभार असतो, साडी घेतलेली असते, सगळं असतं आणि फोटो मात्र हॉलवरचा फोटोग्राफर स्टेजच्या रंगीत लाईटमध्ये काढतो. मी काउंटरवर एक छोटा कागद चिकटवला, 'पंच्याहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनासाठी घरी येऊन फोटो'. पहिला फोन आठव्या दिवशी आला.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतलं घर होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, मधून लांब अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या, एक खोली १६० स्क्वेअर फूट. आजी ऐंशी पूर्ण झालेल्या. मी सगळं घेऊन गेले, दोन फ्लॅश, स्टँड, मोठा सॉफ्टबॉक्स म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, फोल्डिंगचा राखाडी पडदा, दोन फेऱ्यांमध्ये सामान वर नेलं. पलंग सरकवला, टीव्ही झाकला, आजींना स्टुलावर बसवलं आणि सॉफ्टबॉक्स त्यांच्यापासून हातभर अंतरावर. आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते, फ्लॅश उडाला की त्या दचकायच्या आणि पुढचा उडायच्या आधीच डोळे घट्ट करायच्या. चाळीस फोटो काढले. टेक्निकली एकदम व्यवस्थित, शार्प, बॅकग्राऊंड क्लीन. घरी येऊन बघितले तर एकामागोमाग एक चाळीस फोटोत एक घाबरलेली म्हातारी बाई दवाखान्यात बसल्यासारखी बसलीये.

तिसऱ्या दिवशी त्यांची नात प्रिंट बघायला आली. छान आहेत म्हणाली, मग फोन काढून मला एक फोटो दाखवला, मी सामान आवरत असताना तिने सहज काढलेला, आजी खिडकीपाशी उभ्या राहून खाली कुणाला तरी हाक मारतायत. थोडा हललेला होता. पण आजी होत्या त्यात. ती म्हणाली, ताई, हा मोठा होईल का?

मी तो मोठा करून दिला, आणि माझे चाळीस डिलीट केले.

मग बाबांसमोर बसले. बाबा आता चौऱ्याहत्तरचे आहेत, संध्याकाळी काउंटरवर येऊन बसतात. त्यांनी विचारलं लाईट कुठे होता, तू कुठे होतीस, आणि आजींना काय दिसत होतं? हे तिसरं मला कधी सुचलंच नव्हतं. बाबांचा पहिला कॅमेरा यशिकाचा, दोन लेन्सवाला, पोटाशी धरून वरून खाली काचेत बघायचं. एका रोलमध्ये बारा फोटो. ते म्हणाले, बारामध्ये तीन गिऱ्हाइकं बसवायची असायची, मग बटण दाबायच्या आधी बोलावंच लागायचं, आणि माझं तोंड त्याला दिसायचं, कॅमेऱ्याआड नसायचं. तू डोळ्याला कॅमेरा लावतेस म्हणजे समोरच्याला तुझ्या जागी एक काळा डबा दिसतो. म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येतं, तो तुझ्या ओठांकडे बघून समजून घेतो, तेच तू झाकून टाकलेस.

मला वाटतं माझ्या कामातला सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीने पडला. कुठल्याही लेन्सने नाही. त्यानंतर मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावते, फ्रेम आणि फोकस ठरवते, वायरवालं रिमोट हातात घेते आणि कॅमेऱ्याच्या शेजारी, लेन्सच्या अगदी लगत, पाटावर किंवा खुर्चीवर बसते, माझे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. मग आम्ही बोलतो. बोलता बोलता बटण दाबलं जातं, सायलेंट मोड असेल तर त्यांना कळतही नाही आणि कळलं तरी दचकण्यासारखं काही उरत नाही.

लाईट पण घेऊन जाणं बंद केलं. चाळीच्या खोलीसारखा लाईट मला आजवर कुठल्या स्टुडिओत मिळाला नाही हे मी खरं सांगते. एका भिंतीला खिडकी, समोरच्या भिंतीला दार आणि दाराबाहेर काळोखा पॅसेज. उजेड एकाच बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरतो. माणसाला खिडकीपासून तीन-साडेतीन फुटांवर बसवायचं, खिडकी त्याच्या समोर-बाजूला, म्हणजे पंचेचाळीस अंशात वगैरे, आणि चेहरा थोडा खिडकीकडे. डोळ्यात वरच्या बाजूला खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसला की समजायचं बसलं. तो चौकोन नसेल तर डोळे विझल्यासारखे येतात, बाकी सगळं बरोबर असलं तरी. खिडकीच्या अगदी जवळ बसवलं तर अर्धा चेहरा फटफटीत आणि अर्धा काळा होतो, कारण जवळच्या उजेडात हातभर इकडे तिकडे झालं तरी लगेच खूप फरक पडतो, मागे सरकलं की तोच उजेड कमी होतो पण सारखा पसरतो. बाबांचं वाक्य आहे, लाईट हलत नसेल तर माणूस हलव. ऊन थेट आत येत असेल तर खिडकीला पांढरी पातळ ओढणी किंवा जुनं धोतर लावते.

आणि ट्यूबलाईट बंद. हे घरातल्यांना पटत नाही, अहो अंधार होईल, पाहुणे आलेत आणि लाईट काय बंद करता. पण वरची ट्यूब चालू ठेवली तर डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावल्या पडतात, ट्यूबचा रंग वेगळा, खिडकीचा वेगळा, मग चेहऱ्याचा एक भाग निळसर आणि एक हिरवट. भिंतीचं पण असंच. आपल्याकडे खोल्यांना ऑइल पेंट असतो, पिस्ता, गुलाबी, आकाशी, आणि तो चकचकीत असतो म्हणून स्वतःचा रंग माणसाच्या गालावर टाकतो. पिस्ता भिंतीपाशी बसवलेल्या एका काकांचे फोटो मी दोन दिवस दुरुस्त करत होते, गाल कावीळ झाल्यासारखे दिसत होते, शेवटी कळलं भिंत आहे. आता खिडकीच्या विरुद्ध बाजूला भिंतीवर पांढरी चादर टांगते किंवा थर्मोकोलची शीट उभी करते, चेहऱ्याची काळी बाजू पण उजळते आणि भिंतीचा रंगही अडतो. थर्मोकोल टीव्हीच्या खोक्यातलं असतं, फुकट मिळतं.

कॅमेरा माझा बोरा बाजारातून घेतलेला सेकंडहँड फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आहे, २४ मेगापिक्सेल, आणि ८५ एमएमची १.८ लेन्स, १.८ म्हणजे तिचं भोक जास्तीत जास्त किती उघडतं ते, आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. १.८ वर मी कधीच काढत नाही, एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर येतो, ३.५ किंवा ४ वर ठेवते. शटर १/१६० सेकंदापेक्षा हळू नाही कारण वयस्कर माणसांची मान किंचित हलत असते, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची तीव्रता, १६०० गेला तरी चालतो, दाणे आले तर आले, हललेला फोटो सुधारत नाही. मागे काळोख असला की कॅमेरा गोंधळतो आणि चेहरा जास्त उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर थोडं मायनसमध्ये, म्हणजे फोटो जरा काळसर ठेवायचा. पण या सगळ्यापेक्षा अंतर महत्त्वाचं. फोन घेऊन लोक दीड फुटावरून काढतात, म्हणून नाक मोठं आणि कान गायब. लेन्स कुठलीही असो, चेहऱ्याचा आकार आपण किती लांब आहोत त्यावर ठरतो. सहा-सात फूट मागे जायचं. बीडीडीच्या खोलीत सात फूट मागे म्हणजे जवळजवळ दारात, मग ट्रायपॉडचा एक पाय पॅसेजमध्ये आणि पॅसेजमध्ये शेजारची चार मुलं. त्यांना मी हाकलत नाही. आजी त्यांच्याकडे बघून जे हसतात ते मी सांगून कधीच आणू शकणार नाही.

फोनवर आधी चार गोष्टी विचारून घेते. चष्मा रोजचा आहे का, असेल तर काढायला लावायचा नाही, तीस वर्षं चष्मा घातलेल्या माणसाचा बिनचष्म्याचा चेहरा घरच्यांनाच परका वाटतो. काचेत खिडकी चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायच्या, काच थोडी खाली झुकते आणि चमक जाते. कवळी आहे का, फोटोच्या वेळी लावणार की नाही, कारण सगळा जबडाच बदलतो. श्रवणयंत्र आहे का. आणि सकाळची वेळ, नाश्ता झाल्यावर, जेवणानंतर डोळे जड होतात. कुंकवाचा प्रश्न मात्र मी मुलांना विचारत नाही, आजींनाच विचारते. एका घरी यावरून मुलगा आणि सून माझ्यासमोर कुजबुजत होते, बाबा जाऊन चार वर्षं झाली, लावायचं की नाही, लोक काय म्हणतील, तर आजी आतून टिकलीचं पाकीट घेऊन आल्या आणि आरशात बघून स्वतः लावली. विषय संपला. तो फोटो आता त्यांच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे.

बोलायचं काय हे मी हळूहळू शिकले. हसा म्हणायचं नाही. तब्येत कशी आहे विचारायचं नाही, चेहरा लगेच आजारी होतो. काम विचारायचं. आमच्या भागात हे सोपं आहे, कुठल्या मिलमध्ये होता आणि कुठल्या खात्यात, एवढं विचारलं की पुरे. एक आजोबा वीस मिनिटं शब्द बोलले नव्हते, शर्टाचं वरचं बटण लावून गळा आवळून बसलेले. मी विचारलं, खातं कुठलं? साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, म्हणाले. आणि उजवा हात आपोआप उचलला गेला, तुटलेला धागा कसा शोधायचा आणि गाठ कशी मारायची ते हवेत करून दाखवायला लागले, बोटं कशी चालत होती काय सांगू, १९८२ च्या संपाने मिल सुटली तरी बोटं विसरली नव्हती. आमच्या मशीनचा आवाज एवढा असायचा की आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो, म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघून हसले. ते हसू मला मिळालं. मी फ्रेम जरा मोठी ठेवली होती म्हणून हात पण आला. त्यांच्या मुलाने नंतर सांगितलं, बाबांचा हा हात मी कधी नीट बघितलाच नव्हता.

एडिटिंगबद्दल माझं मत पक्कं आहे आणि त्यावरून दोन-तीन गिऱ्हाइकं गेली तरी चालेल. आठवड्याभरात जे जाणार आहे ते काढते, पुटकुळी, ओरखडा, सुईचा काळा-निळा डाग. जे राहणार आहे ते राहू देते, सुरकुत्या, चामखीळ, कपाळावरचं गोंदण, कुठली जुनी खूण. आणि गोरं करत नाही. थोडं गोरं करा ना ताई हे दर दुसऱ्या घरात ऐकते, मायेनेच म्हणतात सगळे, पण मग मी दोन छोट्या ४ बाय ६ काढते, एक जशी आहे तशी आणि एक उजळ केलेली, आणि दोन्ही आजींच्या शेजारी धरते. बहुतेक जण आपणहून पहिली उचलतात. सावळी कातडी खिडकीच्या उजेडात जी चमकते, गालाच्या हाडावर, कपाळाच्या कडेला, ते उजळ केलं की सगळं सपाट होऊन जातं आणि चेहरा पिठासारखा दिसतो. प्रिंट मॅट पेपरवर देते, कारण फ्रेमला काच येणार आणि समोर ट्यूब असणार, ग्लॉसी असेल तर दुहेरी चमकते.

पैशांचं सांगते, कारण सुरुवातीला मी इथे फार चुकले. पहिली दहा घरं ६०० रुपयांत केली, फ्रेमसकट, लोकांना परवडावं म्हणून. १२ बाय १८ ची काचेसकट फ्रेम मलाच ३५० ला पडायची, प्रिंट ८०, वर येणं-जाणं, उरायचे सव्वाशे-दीडशे आणि एका घरामागे वेळ जायचा चार-साडेचार तास, घरी दोन आणि कॉम्प्युटरवर दोन. वर लोक म्हणायचे सगळेच फोटो पेनड्राईव्हवर द्या. तीन महिन्यांनी वही काढून हिशोब केला तेव्हा घरातल्या घरात भांडण झालं. आता २,८०० घेते, त्यात एक १२ बाय १८ फ्रेम आणि निवडलेले तीन फोटो फाईलमध्ये, फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवते म्हणजे व्हॉट्सॲप दाबत नाही. ज्यांना जमत नाही त्यांना १,२०० मध्ये ८ बाय १० विना काच. फ्रेम लहान करते, घरी बसायचा वेळ कमी करत नाही. हजार रुपये ॲडव्हान्स यूपीआयने आधी, हे सांगताना पहिल्यांदा जीभ अडखळायची पण ॲडव्हान्स दिलेलं माणूस तारीख पाळतं. धंदा नवीन सुरू करणाऱ्यांनी एजंटला पैसे देऊ नका, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, स्वतः होते, आणि वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकान कायद्याखाली नुसती ऑनलाईन सूचना द्यायची असते.

एक चूक मात्र पैशांची नव्हती आणि ती मला अजून लागते. एका आजींचा फोटो इतका सुंदर आला होता की मी तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला, कुणाला न विचारता. लोक थांबून बघायचे. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा आला, चेहरा लाल, म्हणाला आईला बाजारात कुणीतरी विचारलं की तुमचा फोटो काचेत लावलाय, सगळं बरं आहे ना. आपल्याकडे काचेत किंवा चौकाच्या बोर्डावर म्हाताऱ्या माणसाचा मोठा फोटो दिसला की लोक काय समजतात हे मला माहीत असायला हवं होतं. आजी दोन दिवस जेवल्या नव्हत्या नीट. मी लगेच उतरवला, घरी जाऊन पाया पडून माफी मागितली. नंतर एका वकील मैत्रिणीने सांगितलं की कायद्यानेही तो फोटो लावायचा हक्क माझा नव्हताच, १९५७ च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, ज्याने काढून घेतला तोच. मी इतकी वर्षं समजत होते की फोटो काढणाऱ्याचा. आता एका पानाचा मराठी कागद आहे, दुकानात लावू का, दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवू का, हो किंवा नाही, आणि सही फोटोतल्या माणसाची, मुलाची नाही.

पावसाळ्याचं पण लिहून ठेवते कारण मुंबईत लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. गेल्या वर्षी जुलैत ८५ च्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली, बॅगेत ठेवून दिली होती पंधरा दिवस, बॅग आतून दमट. साफ करून घेतली पण कोटिंगवर डाग राहिला, खिडकी फ्रेममध्ये आली की थोडं धुकं दिसतं. आता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि दोनशे रुपयांचा ह्युमिडिटी मीटर, ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवायचं, जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर सुकवायचे. आणि रोज नाही तरी दर तीन-चार दिवसांनी लेन्स बाहेर काढून वापरायची, उजेड दाखवायचा.

आत्तापर्यंत साठेक घरं झाली असतील. त्यातली बरीचशी बीडीडीतली, कारण मध्येच एक गोष्ट झाली जी माझ्या डोक्यात नव्हती. चाळी पाडून टॉवर होतायत, वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचं घर. मग लोक फोन करायला लागले की खोली सोडायच्या आधी आईचा फोटो याच खोलीत काढा. एका घरी सामान बांधून झालं होतं, भिंतीवर फक्त देव्हाऱ्याच्या जागेचा फिकट चौकोन, आणि आजी रिकाम्या खोलीत खिडकीशी. त्या म्हणाल्या, ए पोरी, हाच लाव हां नंतर, तो आधारवाला नको. सुनेने डोळ्याला पदर लावला. आजी मात्र पदर सारखा करून मला विचारत होत्या, पाठीमागचा फिकट चौकोन येतोय ना त्यात? येतोय म्हटलं. मग काढ, म्हणाल्या.

गेल्या महिन्यात त्यांच्याच घरी नव्या टॉवरमध्ये गेले होते, आजोबांचा राहिला होता. विसाव्या मजल्याच्या वर, मोठ्या सरकत्या काचा, पांढऱ्या भिंती, पांढऱ्या टाईल्स, आजोबांना कुठेही बसवा उजेड चारी बाजूंनी, चेहऱ्यावर कुठेच सावली नाही, सपाट. माझं थर्मोकोल काहीच कामाचं नाही. अर्धा तास खुर्ची इकडून तिकडे केली, मग आजींनी कपाटातून जुनी काळी घोंगडी काढून दिली, ती आजोबांच्या डाव्या बाजूला दोन खुर्च्यांवर टाकली आणि एका काचेवर चादर सोडली. गालाखाली हळूच सावली आली, डोळ्यात चौकोन आला. आता पिशवीत एक काळं कापड पण असतं.